टंकलेखन संस्थेतील सहा महिने आणि बारनिशीचे टेबल : एक अभिप्राय

लिपिक-टंकलेखक किंवा जिल्हा परिषदेतील कनिष्ठ सहाय्यक या पदासाठी मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० शब्दांचे अथवा इंग्रजीचे ४० शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या उमेदवाराला शासनमान्य टंकलेखन संस्थेची पायरी चढावीच लागते. सोलापूर जिल्ह्यातील अशाच एका संस्थेत मी ‘मराठी ३०’ पूर्ण केले आणि गेली दोन वर्षे एका पंचायत समितीत बारनिशी, म्हणजे आवक-जावक, सांभाळतो आहे. निकालाच्या दिवशी अभिप्राय लिहिला असता तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते. टेबलावर बसल्यानंतर ते साडेतीनवर आले आहेत.

बोटे तयार करण्याच्या बाबतीत ही संस्था उत्तम आहे, हे आधी नमूद करतो. पहिले तीन आठवडे मधल्या ओळीच्या पुढे कोणालाही जाऊ दिले जात नाही. कळांकडे पाहण्याची सवय सुटावी म्हणून मॅडम हातांवर मिठाईचे रिकामे खोके उपडे ठेवतात आणि ते खोके हलले तरी त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळते. माझ्या तुकडीत बारावी झालेली मुले होती, अनुकंपा तत्त्वावर नेमणूक मिळालेल्या आणि प्रमाणपत्राची मुदत डोक्यावर असलेल्या दोन ताई होत्या, आणि लिपिकपदी पदोन्नतीची वाट पाहणारे पन्नाशीच्या जवळ आलेले एक शिपाई काका होते. काकांची बोटे जड होती, परंतु त्यांना सर्वांसमोर कधीही हिणवले गेले नाही. संध्याकाळची तुकडी सुटल्यावर त्यांना अर्धा तास जादा बसू दिले जात असे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेत वेगाचा उतारा सात मिनिटांत पुरा करायचा असतो, आणि शेवटच्या महिन्यात तो आमच्याकडून रोज घड्याळ लावून करून घेतल्यामुळे परीक्षेच्या दिवशी हात थरथरला नाही.

माझी मुख्य तक्रार कळफलकाविषयी आहे. संस्थेत मराठी शिकवले जाते ते टंकयंत्राच्या काळापासून चालत आलेल्या रेमिंग्टन मांडणीवर. या मांडणीत ‘विनंती’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘व’ दाबावा लागतो, कारण कागदावर वेलांटी डावीकडे उमटते. ‘कर्मचारी’मधला रफार ‘म’ उमटल्यानंतर त्याच्या डोक्यावर ठेवावा लागतो. आमच्या कार्यालयात सर्व संगणकांवर इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी आहे, जिथे आपण उच्चारतो त्याच क्रमाने, आधी ‘व’ मग वेलांटी, आणि ‘म’च्या आधी पाय मोडलेला ‘र’, असे लिहावे लागते; स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असतात. सहा महिने खोक्याखाली घडवलेली बोटे पहिल्या दिवशी अक्षरशः अडाणी ठरली. रेमिंग्टन मांडणी ठेवून यूनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर तशीच दिसणारी अक्षरे, उमटवणारी सॉफ्टवेअरे मिळतात, आणि मीही पहिले तीन महिने त्यांच्यावरच दिवस काढले, परंतु साहेबांच्या दालनात त्यांच्या संगणकावर तातडीचे पत्र करण्याची वेळ आली तेव्हा ती सोय उपयोगी पडली नाही. परीक्षेची तयारी रेमिंग्टनवर करून घेणे समजू शकते; पण अखेरचे पंधरा दिवस तरी इनस्क्रिप्टची तोंडओळख करून द्यायला काय हरकत होती? जुन्या फॉन्टमधील फाईल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा का दिसतो, हेही कोणी सांगितले नाही. ग्रामपंचायतींकडून ई-मेलने येणाऱ्या माहितीत असा कचरा मी आठवड्यातून दोनदा तरी पाहतो.

दुसरी उणीव संस्थेच्या जाहिरातीमुळे जास्त खुपते. फलकावर ‘कार्यालयीन कामकाजाचे संपूर्ण प्रशिक्षण’ असे लिहिले आहे, आणि प्रत्यक्षात परीक्षेपुरते एक पत्र, एक तक्ता आणि ई-मेल एवढेच शिकवले जाते. नव्या लिपिकाचा दिवस टंकलेखनात फार थोडा जातो. टपाल फोडायचे, शिक्का मारून आवक क्रमांक घालायचा, साहेबांच्या नजरेखालून गेल्यावर संबंधित संकलनाला, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाला, बटवडा करून सही घ्यायची; मग स्वतःच्या कार्यविवरण नोंदवहीत पत्र चढवायचे आणि ते कुठे अडले आहे याचा हिशेब ठेवायचा. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे अशा सहा गठ्ठ्यांत कागद लावण्याची पद्धत मला शेजारच्या टेबलावरील वरिष्ठ सहाय्यक बाईंनी जेवणाच्या सुट्टीत शिकवली. टिपणी कशी सुरू करावी, ‘आदेशार्थ सादर’ कुठे आणि ‘माहितीस्तव सादर’ कुठे लिहावे, हेही त्यांच्याकडूनच कळले. त्यातला फरक न कळल्यामुळे माझी पहिली नस्ती, म्हणजे फाईल, आदेशाविनाच परत आली होती. यांपैकी काही तरी दोन रविवारी शिकवणे संस्थेला अशक्य नव्हते, आणि जमत नसेल तर फलकावरचा ‘संपूर्ण’ हा शब्द तरी काढावा.

सोयींविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. वीज गेली की इन्व्हर्टर जेमतेम अर्धा तास चालतो, तीन संगणकांच्या स्पेसबारला जोर लावावा लागतो, पाणी थंड असते. परीक्षा शुल्कासह माझे साडेसहा हजार रुपये गेले. ज्या पदाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते त्याचे दार या प्रमाणपत्राने उघडते, हे पाहता रक्कम मला जास्त वाटली नाही. पावती मात्र मागितल्यावरच मिळते, तेव्हा मागावी.

प्रवेश घेणाऱ्यांनी शक्यतो सकाळी सातची तुकडी निवडावी, कारण ती मॅडम स्वतः घेतात. दुपारच्या तुकडीला माजी विद्यार्थी बसवले जातात आणि तिथे खोकी वापरली जात नाहीत. निकाल लागल्यावर घरच्या संगणकावर इनस्क्रिप्ट सुरू करून रोज एक पान लिहावे. शिपाई काका दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, आणि आता आमच्याच कार्यालयात माझ्या जोडीला जावक पाहतात. त्यांनी मात्र संस्थेला पूर्ण पाच तारे दिले आहेत.