नागपुरात बर्डीवरच्या एका गाळ्यात माझी हार्ड डिस्क वाचली, त्याची गोष्ट

मी घरून डीटीपी करते. लग्नसराईत पत्रिका आणि बाकी वर्षभर विद्यापीठात जमा करायचे पीएचडीचे प्रबंध. त्रिमूर्तीनगरात घराच्या पुढच्या खोलीत २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, २०१९ मध्ये टाकलेली २४० जीबीची एसएसडी आणि एक टीबीची सीगेटची हार्ड डिस्क. विंडोज एसएसडीवर आहे, काम सगळं हार्ड डिस्कवर. पूर्ण झालेली कामं मी पेन ड्राइव्हवर ठेवत असे, पण चालू कामाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या डिस्कवर तीन प्रबंध होते आणि त्यातल्या एकाची जमा करायची तारीख आठ दिवसांवर आली होती.

त्या आठवड्यात मशीन अडकायला लागलं. कोरलमध्ये फाइल सेव्ह केली की पडदा जागीच गोठायचा. एरवी लुकलुकणारा डिस्कचा लाल दिवा एकसारखा पेटून राहायचा. अर्धा-पाऊण मिनिट काहीच हालचाल नाही, मग कॅबिनेटमधून बारीकसा ‘टक्’ आवाज आणि सगळं पुन्हा सुरू. भाच्याने फोनवरून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडायला लावला. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांगच लागली होती. ‘डिस्क’ या नावाखाली क्रमांक ११: ड्रायव्हरला हार्डडिस्क १ वर कंट्रोलर एरर आढळला. मधूनमधून क्रमांक १२९, ‘रीसेट टू डिव्हाइस’.

पहिल्यांदा मी घराजवळच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, अगदी वरच्या ०१ क्रमांकाच्या ओळीतला लांबलचक आकडा दाखवला आणि डिस्क गेली म्हणून सांगितलं. नवीन डिस्क वेगळी, डेटा काढायचे अठरा हजार वेगळे. दहा मिनिटांत निकाल. माझे हातपाय गार पडले. घरी आल्यावर कोणीतरी सांगितलं म्हणून रात्री विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क ‘आर’ लावून चालवायला घेतलं. ते बारा टक्क्यांवर अडकलं. घाबरून मशीन बंद केलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

ज्या मॅडमचा प्रबंध होता, त्यांनीच दुसऱ्या दिवशी बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या या गाळ्याचं सांगितलं. मोदी नंबर दोन या गल्लीच्या आसपास एक अरुंद जिना चढून वर गेलं की एक खोली लागते. भाऊ एकटेच काम करतात. नाव टाकू नका, आहे तेच काम आवरत नाही, असं त्यांनीच म्हटल्यामुळे नाव लिहीत नाही. बर्डीवर कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या कोणालाही विचारा, ‘तो जिन्यावरचा’ म्हटलं की कळतं.

मी ऑटोतून सीपीयू नेला. त्यांनी आधी मशीनला हातच लावला नाही.

“बॅकअप आहे का, ताई?”

नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग पहिले डेटा. आजार मागून पाहू.”

चेकडिस्कचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. ते ‘आर’ लावलं की डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला घेतं. डिस्क खरंच मरायला टेकली असेल, तर उरलेला जीवही त्यातच जातो. आणि दोष वायरीत असेल, तर चुकीच्या आलेल्या माहितीवर विश्वास ठेवून ते फाइलींची यादीच दुरुस्त करायला बसतं. डेटा हाताशी आल्याशिवाय त्याच्या वाटेला जायचं नाही.

डिस्क माझ्या कॅबिनेटमधून काढून त्यांनी स्वतःच्या मशीनला, स्वतःच्या केबलने लावली. एक्स्टर्नल डिस्क त्यांच्याकडे विकायला नसते, ती मी खालच्या दुकानातून आणली. सहाशे बारा जीबी, त्यात फॉन्टच्या आणि पानांच्या लाखभर बारीक फाइली. पाच तास लागले. मी तिथेच स्टुलावर बसून होते आणि पाच तासांत एकदाही ती गोठली नाही. त्यांच्या केबलवर डिस्क पाण्यासारखी वाहत होती. माझ्या जिवात जीव आला तो तेव्हा.

कॉपी चालू असताना त्यांनी मला तोच क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा दाखवला, पण वाचायला शिकवत. सीगेटच्या डिस्कवर ०१ चा कच्चा आकडा मोठाच दिसतो. त्यात चुका आणि एकूण वाचनं अशा दोन मोजण्या एकत्र बांधलेल्या असतात. तो पाहून डिस्क गेली म्हणता येत नाही. पाहायच्या ओळी वेगळ्या. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे संशयाखाली थांबलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. माझ्या डिस्कवर तिन्ही ठिकाणी शून्य. आणि सी७ च्या ओळीत ‘१०ई४’ असं काहीतरी. “हे सोळाच्या हिशेबात लिहिलेलं आहे,” म्हणत त्यांनी फंक्शन मेनूमधून दशमान पद्धत निवडली. ४,३२४.

सी७ ही डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या बोलण्यातल्या चुकांची मोजणी. निघालेली माहिती आणि पोहोचलेली माहिती जुळली नाही की हा आकडा एकाने वाढतो. म्हणजे चूक रस्त्यात होत होती. ‘कंट्रोलर एरर’ हे नाव ऐकून माणूस समजतो की बोर्डावरचा कंट्रोलर जळाला. विंडोजला मात्र एवढंच सांगायचं असतं की या डिस्कशी चाललेलं बोलणं मध्येच तुटलं. डिस्क, डेटाची केबल, पॉवरची वायर, पोर्ट, यांतलं कुठलंही कारण असू शकतं. हार्डडिस्क १ म्हणजे कोणती, हेही लक्षात ठेवायचं. मोजणी शून्यापासून असते. माझी एसएसडी ० आणि ही १. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हेच क्रमांक दिसतात. एसएसडीवर एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी खरी तपासणी झाली, आणि या माणसाविषयी लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. डिस्क परत माझ्या कॅबिनेटमध्ये, माझ्याच जुन्या केबलवर लावली. ती लाल चपटी केबल कॅबिनेटच्या दाराने दाबली जाऊन कनेक्टरपाशीच काटकोनात मोडली होती. पकडणारी क्लिप नव्हती. त्यांनी नखाने हलकेच टेकवलं तर कनेक्टर डुलला. तरीही त्यांनी लगेच बदलली नाही. पहिले चाळीस जीबीचा एक फोल्डर कॉपी केला. सी७ ४,३२४ वरून ४,३४१. मग क्लिपवाली नवी केबल, पोर्ट तोच, फोल्डर तोच. कॉपी संपली, आकडा ४,३४१ वर जागच्या जागी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, मग लोक नुसतेच पार्ट घेत राहतात.

मी म्हटलं, “झालं तर मग.”

“थांबा जी. मले तुमच्या वेळा जमून नाही राहिल्या.”

ते इव्हेंट व्ह्यूअरमधल्या वेळा कागदावर लिहीत होते. दुपारचे दीड, एक चाळीस, पुन्हा दीड. संध्याकाळचे सव्वापाच, पाच वीस. रोज जवळपास त्याच. मग मान वर करून विचारलं, “ताई, जेवून आल्यावर होते का हे? अन् चहा घेऊन आल्यावर?”

होय. अगदी तेव्हाच. मी एकला उठते, स्वयंपाकघरातलं आवरून दीडला येऊन बसते. इतके दिवस हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वीस मिनिटं वापर नसला की विंडोज हार्ड डिस्कला झोपवतं. पुन्हा फाइल मागितली की मोटर थांबल्या जागेवरून फिरायला लागते, आणि त्या दोन-चार सेकंदांत ती सगळ्यात जास्त करंट ओढते, १२ व्होल्टच्या लाइनीतून दोन अँपिअरच्या आसपास. आम्ही वीस मिनिटं मशीनला हात न लावता बसलो. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, खोलीत एक पंखा. मग त्यांनी फोल्डर उघडला. टक्. पडदा गोठला. लॉगमध्ये नवा ११. सी७ मात्र ४,३४१ च. आणि ०सी, म्हणजे पॉवर किती वेळा आली-गेली त्याची मोजणी, एकाने वाढलेली. मशीन तर सकाळपासून बंदच केलं नव्हतं. म्हणजे चालू मशीनमध्ये डिस्कचा वीजपुरवठा क्षणभर तुटला होता. तो ‘टक्’ त्याचाच.

पॉवरच्या वायरीचा माग काढला. २०१९ मध्ये एसएसडी बसवताना एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, साटाचे (आताच्या डिस्कना लागणारे) पॉवरचे दोनच कनेक्टर होते. एक डीव्हीडी रायटरला लागलेला, दुसरा एसएसडीला दिला, आणि हार्ड डिस्कला मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून साटा करणारा एक जोड लावून दिला. तो जोड त्यांनी सोडवून खिडकीपाशी उजेडात धरला. पिवळ्या वायरीच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाचा डाग पडावा तसं तपकिरी झालं होतं आणि आतली पितळी नळी सैल होऊन काळी पडलेली. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, मोटरची लाइन. जोड पुन्हा लावून त्यांनी मीटरच्या टोकाला बारीक सुई बांधली आणि कनेक्टरच्या मागून पिवळ्या वायरीत टेकवली. डिस्क फिरती असताना ११.८. झोपवून उठवली तर क्षणभर साडेदहाच्याही खाली. या लाइनीला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली उतरायला नको.

इथे मला वाटलं आता नवीन एसएमपीएसचं निघणार. त्यांनी डीव्हीडी रायटरची पॉवर काढली, “हे वापरता का?” विचारलं, आणि तोच कनेक्टर थेट हार्ड डिस्कला लावला. पुन्हा मीटर, पुन्हा झोपवणं, पुन्हा उठवणं. ११.९ वरून ११.७, त्याखाली नाही. दहा वेळा केलं. लॉग कोरा.

केबलचे १२० आणि मजुरी ४००. दोन दिवसांचे पाचशे वीस रुपये. त्या दोन दिवसांत त्यांनी मला एकही गोष्ट गरज नसताना विकली नाही, आणि प्रत्येक पायरीला पडद्यावरचा आकडा माझ्याकडे वळवून दाखवला. चौदा वर्षांचं काम ज्या डिस्कवर आहे, तिच्याबद्दल कोणी इतक्या शांतपणे आणि खरं सांगतं, याचं मोल मला पैशात करता येत नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. ते फोन जवळजवळ उचलतच नाहीत. साडेअकराच्या आधी शटर उघडत नाही. जिन्यावरून सीपीयू स्वतःच चढवावा लागतो, खाली गाडी लावायला जागा मिळणं कठीण, त्यामुळे ऑटोच बरा. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. लॅपटॉप घेत नाहीत. घाईच्या माणसाने जाऊ नये, कारण ते घाई करतच नाहीत. आणि डिस्क खरोखर गेलेली असेल, आतलं वाचणारं हेड आपटत असेल, तर ते उघडून पाहत नाहीत. धूळ नसलेली खोली लागते, ती माझ्याकडे नाही, असं सांगून परत पाठवतात. सी५ वाढत चाललेली एक डिस्क त्यांच्या कोपऱ्यात लिनक्सवर डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर उतरत होती, आदल्या रात्रीपासून. तीही आधी प्रत, मग उपचार.

जायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या वेळांचा फोटो काढून न्या, अगदी वेळेसकट. आणि कॅबिनेट कूलरच्या झोताखाली ठेवू नका. माझं तसंच होतं. उन्हाळाभर ती ओली हवा पिनांवर जाते, पिना काळ्या पडायला तेवढं पुरतं, असं भाऊंचं म्हणणं. मी टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवलं आहे आणि रोज संध्याकाळी चालू कामाची प्रत एक्स्टर्नलवर जाते.

प्रबंध वेळेत गेला. कॅबिनेटच्या दाराच्या आतून भाऊंनी चिकटपट्टीवर सी७ चा आकडा आणि तारीख लिहून ठेवली आहे. हा आकडा कधी कमी होत नाही, डिस्कच्या जन्माबरोबर चालतो, म्हणून वाढला तर तेवढं सांगायला या म्हणाले. एसएमपीएस २०१२ चा आहे, तो दिवाळीच्या सुमारास एकदा मोजून घ्यायचा ठरलाय. आज सकाळी पाहिलं, ४,३४१.