लठ्ठ बोक्यासाठी वजनकाटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ढब्बू हे नाव आम्ही तो तळहाताएवढा असताना ठेवलं. अंग नंतर आलं. नसबंदी झालेली, घराबाहेर पाऊल नाही आणि दाण्यांची वाटी चोवीस तास भरलेली. आठ महिन्यांपूर्वी तो 6.8 किलो भरला. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, वरून कंबर शोधली, दोन्ही सापडेनात. "नऊपैकी आठ," त्या म्हणाल्या. या मोजणीत पाच म्हणजे बेताचा बांधा. त्याचं वजन साधारण 5 किलो हवं, असं ठरलं.

मग त्यांनी विचारलं, "रोज किती घालता?"
"दोन मापं."
"माप म्हणजे किती ग्रॅम?"

मी गप्प. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा मागवला, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

पहिल्याच दिवशी ते प्लास्टिकचं माप दहा वेळा भरून मोजलं. सगळ्यात कमी 36 ग्रॅम, सगळ्यात जास्त 45. माप तेच, हात तोच. बाबा भरतात ते शिगोशीग माप तर यात धरलेलंच नाही. ढब्बूचा अख्ख्या दिवसाचा खुराक आता 55 ग्रॅम आहे. म्हणजे 9 ग्रॅम इकडेतिकडे झाले की त्याच्या जेवणाचा सहावा हिस्सा वरखाली.

55 कुठून आले तेही सांगते. हिशोब आजच्या वजनावर नाही, हव्या असलेल्या वजनावर करायचा. 5 ला 5 ने गुणा, परत 5 ने गुणा, कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, मग 70 ने गुणा. येतात 234 किलोकॅलरी. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 187. आमच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 340 लिहिलंय, झाले 55 ग्रॅम. हा फक्त सुरुवातीचा आकडा. पुढे वजन कसं उतरतंय ते बघून डॉक्टर तो बदलतात. इन्सुलिनवर असलेल्या मांजराच्या बाबतीत तर हे घरच्या घरी करूच नका, खाणं बदललं की डोसही बदलावा लागू शकतो.

आता माझी चूक. उत्साहाच्या भरात मी एका रात्रीत जुनं खाणं बंद करून वजन कमी करायचं खाणं वाटीत टाकलं. ढब्बूने हुंगलं आणि पाठ फिरवली. भूक लागली की खाईल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाटी जशीच्या तशी, तेव्हा फोन केला आणि चांगलीच बोलणी खाल्ली. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते आणि यकृतच कामातून जाऊ शकतं. जीवावर बेतणारं दुखणं आहे ते. लगेच जुनं खाणं दिलं आणि नवं त्यात रोज थोडं थोडं मिसळत दहा दिवसांनी पूर्ण बदललं. जुनंच अर्ध्यावर आणलं असतं तर? तेही नको म्हणाल्या, कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही अर्धी होतात.

काट्याचे दोष: दोन मिनिटांत स्वतःच बंद होतो. एकेक दाणा टाकत गेलं तर आकडा हलतच नाही, वाटी उचलून परत ठेवावी लागते. आणि बोक्याचं वजन करायला तो अर्थातच कामाचा नाही. त्यासाठी मी ढब्बूला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभी राहायचे आणि माझं वजन वजा करायचे. तो काटा 100 ग्रॅमच्या टप्प्याने हलतो, आणि आठवड्याला उतरायला हवं शरीराच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे 35 ते 70 ग्रॅम. तीन आठवडे उगाच हताश झाले. शेवटी तान्ह्या बाळांचा, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेतला. तो आधीच घ्यायला हवा होता.

खरा फरक पडला तो डब्याने. सकाळी 55 ग्रॅम मोजून झाकणाच्या डब्यात. कोणीही, कितीही वेळा घाला, पण याच डब्यातून. डबा संपला की दिवस संपला. तरी चौथ्या महिन्यात वजन 6.2 वर अडलं. कपडे धुताना बाबांच्या खिशातून मांजराच्या बिस्किटांचा चुरा निघाला.

"बाबा, तुम्ही याला खाऊ देता?"
"एखादंच गं. बघतो ना तो असा."

एखादं म्हणजे दिवसाला दहा. एकात 2 किलोकॅलरी, म्हणजे 20. वरखाऊची मर्यादा दिवसाच्या दहा टक्के, ती ओलांडलेली. आता तेवढे दाणे डब्यातून कमी करतो. बाबाही खूश.

सध्या वजन 5.6. पोट अजून झुलतं, पण ती पिशवी बारीक मांजरांनाही असते. पाठीवरचा कोंडा मात्र गेला, कारण त्याची जीभ आता शेपटीच्या मुळापर्यंत पोहोचते.

एक तक्रार राहिलीच. काटा सुरू केला की पीं वाजतो आणि तो आवाज बंद करायची सोय नाही. मी केकसाठी मैदा मोजायला घेतला तरी ढब्बू ओट्याखाली हजर.