पदकांची चौकट: काम सुबक, फीत चुकीची

वडिलांची सारी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, दूरच्या ठाण्यांना शिधा आणि इंधन पोहोचते ठेवण्यात गेली आणि त्याच कामासाठी त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. पदकांच्या फिती विरल्या होत्या, म्हणून सगळा संच नव्या फिती लावून काचेच्या चौकटीत बसवण्यासाठी गणवेशाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात दिला.

काम सुबक झाले. फितींच्या घड्या एका रेषेत होत्या आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक, जिथे असायला हवे तिथे, शेवटी होते. मात्र विशिष्ट सेवा पदकाच्या पिवळ्या फितीवर गडद निळा पट्टा एकच होता!

1960 साली हे पदक तीन श्रेणींत सुरू झाले आणि परम, अति व विशिष्ट ही आजची नावे त्यांना 1967 मध्ये मिळाली. पाच टोकांचा तारा तिन्हींवर आहे. ओळख पटते ती धातूवरून आणि पट्ट्यांवरून. परमला सोनेरी मुलामा आणि एक पट्टा, अतिला चांदी आणि दोन, विशिष्टला कांस्य आणि तीन. श्रेणी खालची म्हणून पट्टा एक, असा सरळ हिशेब दुकानदाराने केला असावा. परिणामी कर्नल म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या कांस्यपदकाला लेफ्टनंट जनरलच्या छातीवर दिसणारी फीत लागली. वडील असते तर पोट धरून हसले असते. पण मानक्रमात परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्याही आधी येते, तेव्हा ही चूक भिंतीवर मिरवण्याजोगी नव्हती.

दुकानदाराने हुज्जत न घालता, जादा पैसे न घेता चार दिवसांत फीत बदलून दिली, हे मान्य केले पाहिजे. न भरून येणारे नुकसान वेगळेच आहे. न विचारता पॉलिश मारल्याने कांस्याचा मुरलेला काळपट रंग गेला, कडेवर कोरलेले नाव पुसट झाले आणि पदक गोंदाने चिकटवल्यामुळे मागचे सिंह व हिंदी अक्षरे कायमची झाकली गेली.

फितींसाठी या दुकानात पुन्हा जाईन, पट्ट्यांची संख्या पावतीवर लिहून घेईन. पदक मात्र घरीच ठेवीन.