डिजिटल सहीचे टोकन दुसऱ्याच्या कपाटात

ऑगस्ट 2024 मध्ये कारखान्यासाठी नवे व्हीएमसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे यंत्र) घ्यायचे ठरले आणि कर्जाच्या कागदपत्रांसाठी मी बँकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी आमच्या कंपनीने सरकारदरबारी दाखल केलेली कागदपत्रे आधीच काढून ठेवली होती. ती चाळता चाळता त्यांनी सहज विचारले, "तुमचा हिस्सा दहाच टक्के दिसतोय, मग जामीनदार म्हणून तुम्हीच कसे?" मी हसून म्हणालो की माझा हिस्सा निम्मा आहे, काहीतरी गफलत झाली असेल. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पन्नास हजार समभागांपैकी माझ्या नावावर पाच हजार होते, कंपनीवर तिसऱ्या संचालकाची नेमणूक झालेली होती, आणि हे सगळे ज्या अर्जांनी घडले त्या अर्जांवर माझी स्वतःची डिजिटल सही होती.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मी आणि माझा आतेभाऊ मिळून सुटे भाग तयार करण्याचा व्यवसाय करतो. पूर्वी आमची भागीदारी होती. 2019 मध्ये आम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, दहा रुपयांचे पाच-पाच हजार समभाग घेतले आणि दोघेच संचालक झालो. कंपनी म्हटली की सगळे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात आणि त्यावर संचालकाची डिजिटल सही लागते, म्हणून एका सल्लागाराकडून दोघांच्या सह्यांची प्रमाणपत्रे काढून घेतली. पेनड्राइव्हसारखे दिसणारे ते टोकन हातात आले, तेव्हा सल्लागार म्हणाला, "साहेब, इथंच राहू दे. दर अर्जाला शिरोलीहून कशाला हेलपाटे घालताय?" मला ते पटले. खरे सांगायचे तर बरेही वाटले. त्याच्या कपाटात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अशी तीस-चाळीस टोकने होती आणि प्रत्येकावर पट्टी चिकटवून नाव व पासवर्ड लिहिलेला होता. इतके लोक ठेवतात म्हणजे तशीच पद्धत असणार, असे मी धरून चाललो.

आमच्या प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांची होती. 2023 च्या नूतनीकरणाच्या वेळी त्याने मला मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, कॅमेऱ्यासमोर छोटा व्हिडिओ करायला लावला, आणि मी मशीनवर उभा असतानाच दोन मिनिटांत ते उरकले. ई-मेलचा पत्ता त्यानेच तयार केलेला होता, त्यामुळे पुढे कोणत्याही अर्जाची सूचना माझ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच उरली नव्हती. माझी ओळख पडताळण्यासाठी केलेली सगळी व्यवस्था मी माझ्याच हाताने पार पाडली आणि तिचे फळ दुसऱ्याच्या डब्यात जाऊ दिले.

बँकेतून परतल्यावर मी शंभर रुपये भरून कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कागदपत्रे उघडली. फेब्रुवारी 2024 मध्ये कारखान्यात संचालक मंडळाची बैठक झाल्याचे, आतेभावाने कंपनीला दिलेले चार लाखांचे कर्ज समभागांत वर्ग केल्याचे आणि मला देऊ केलेले समभाग मी लेखी नाकारल्याचे त्यात दिसत होते. बैठकीच्या दिवशी मी मशीन पाहायला कोइमतूरला होतो. माझ्याकडे रेल्वेचे तिकीट आहे, हॉटेलचे बिल आहे; पण डिजिटल सही कोणत्या गावात झाली हे ती सही सांगत नाही. पुढच्याच महिन्यात आतेभावाच्या पत्नीची संचालक म्हणून नेमणूक झाली आणि मंडळात दोनास एक असे बहुमत झाले. असे अनेक अर्ज कोणा माणसाने न तपासता थेट नोंदीवर जातात, कारण सही खरी ठरली आणि सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवासारख्या व्यावसायिकाने प्रमाणित केले की यंत्रणेच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला असतो.

त्या कागदपत्रांत माझ्या दोन प्रकारच्या सह्या होत्या, आणि मला सगळ्यात जास्त शिकायला मिळाले ते त्या दोहोंतल्या फरकातून. समभाग नाकारल्याच्या पत्रावर माझी हाताची सही होती. म्हणजे 2021 मधल्या एका बँकेच्या पत्रावरून स्कॅन करून, कापून इथे डकवलेली होती. माझ्या वकीलबाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, तेव्हा रेघेला रेघ जुळली. कोणाही माणसाची सही दोनदा इतकी तंतोतंत येत नाही, त्यामुळे ती जुळणी हाच बनावटपणाचा पुरावा ठरला. अशी डकवलेली सही कायद्याने इलेक्ट्रॉनिक सही ठरत नाही. ते केवळ सहीचे चित्र असते. पीडीएफवर छापलेली 'डिजिटली साइन्ड' ही ओळ आणि हिरवी खूणसुद्धा कागदावर छापून घेतल्यावर चित्रच उरते. खरी तपासणी होते ती मूळ फाइल संगणकावर उघडून.

अर्जांवरच्या डिजिटल सहीची गोष्ट मात्र उलटी होती. टोकनमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिची प्रत बाहेर काढता येत नाही. दस्तऐवजातल्या मजकुरावरून हॅश नावाचा एक आकडा काढला जातो, तो या किल्लीने बांधला जातो, आणि माझ्या प्रमाणपत्रातल्या उघड किल्लीने तो कोणालाही पडताळून पाहता येतो. मजकुरात स्वल्पविराम जरी बदलला तरी पडताळणी फसते. आम्ही पडताळणी केली आणि ती बिनचूक निघाली. हस्ताक्षरतज्ज्ञाला इथे काही कामच नाही, कारण हाताचे वळण, दाब, थरथर असे काही त्यात नसतेच. सही बनावट नव्हती. माझीच होती, फक्त ती करणारा मी नव्हतो.

"मी सही केलीच नाही" एवढे सांगितले की भागेल, असे तोपर्यंत मला वाटत होते. वकीलबाईंनी माझ्यासमोर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 उघडून ठेवला. हा कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे; त्याच्या कलम 4 ने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि कलम 5 ने इलेक्ट्रॉनिक सहीला कागदावरच्या मजकुराइतकी आणि सहीइतकीच मान्यता दिली आहे. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही असेल, तर ती त्या माणसाने मान्यतेच्या हेतूनेच केली असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार ज्याच्या नावाची सही आहे त्याच्यावर येतो. आता 'सुरक्षित' कशाला म्हणायचे हे कलम 15 सांगते: सही करतेवेळी तिचे साधन फक्त सही करणाऱ्याच्याच ताब्यात असले पाहिजे, अन्य कोणाच्याही नाही. टोकन सल्लागाराच्या कपाटात होते हे सिद्ध झाले की हे गृहीतक ढासळते, म्हणजे माझी सुटका तिथेच आहे. पण पान उलटले की कलम 42 येते. गुप्त किल्लीवरचा ताबा राखण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घेतलीच पाहिजे, ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवले पाहिजे, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच राहते, असे ते म्हणते. ज्या वाक्याने मी सुटणार होतो, त्याच वाक्याने मी माझा निष्काळजीपणा कबूल करणार होतो. पाच वर्षांत मी कोणाला काहीही कळवले नव्हते.

इथे एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहत नाही. मृत्युपत्राला हा कायदा आजही लागू नाही. आमच्या आजीने दोन खोल्यांचे घर कोणाला द्यायचे ते लिहिले, तेव्हा दोन साक्षीदार समोर बसून सह्या करत होते. माझ्या अर्ध्या कारखान्यातला मोठा वाटा मात्र साक्षीदाराशिवाय, चिकटपट्टीवर लिहिलेल्या पासवर्डाने गेला.

प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला आणि ते रद्दही झाले, परंतु त्याचा परिणाम त्या दिवसापासून पुढे होतो; आधीच्या सह्या जागच्या जागी राहतात. पोलिसांकडे गेलो. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा याच कायद्याच्या कलम 66-क (66C) खाली गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही पहिल्या दोन फेऱ्यांत "हा तुमच्या घरातला दिवाणी वाद आहे" हेच ऐकावे लागले. तिसऱ्या वेळी कलमाचा मजकूर आणि जुळणाऱ्या दोन सह्यांचे कागद सोबत नेले, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

टोकन माझ्याकडे नव्हते हे दाखवणारा पुरावा व्हॉट्सअ‍ॅपवर होता. "टोकन माझ्याकडेच आहे, काळजी नसावी" असे सल्लागाराने 2022 मध्ये लिहिले होते. मी त्याचे स्क्रीनशॉट काढून मोठ्या विश्वासाने वकीलबाईंकडे पाठवले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, तो फोन कुठे आहे? तो मी दिवाळीत एक्सचेंजमध्ये देऊन टाकला होता. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे मूळ साधन न्यायालयात हजर केले नाही, तर त्याच्या प्रतीसोबत ती कशी काढली हे सांगणारे, कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र द्यावेच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात स्पष्ट केले. जालन्याच्या 2014 मधील विधानसभा निवडणुकीचा तो वाद होता आणि उमेदवारी अर्ज वेळेत दिला की नाही हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावरून ठरायचे होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र दोन भागांत असते, एक आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅशही नोंदवावी लागते. जुन्या संभाषणाचा काही भाग बॅकअपमधून नव्या फोनवर आला होता, तेवढ्यावर आम्ही प्रमाणपत्र करून घेतले. बाकीचा गेला तो गेलाच.

समभागांची नोंद दुरुस्त व्हावी म्हणून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आमचा अर्ज आहे. तारखा पडत आहेत. नव्या मशीनचे कर्ज अर्थातच झाले नाही. आता माझे नवे टोकन घरच्या कुलपात असते, त्याचा पासवर्ड मी स्वतः बदलला आहे, मोबाइल आणि ई-मेल दोन्ही माझेच आहेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी संकेतस्थळावर कंपनीच्या संचालकांची यादी पाहतो. ती पाहायला पैसे पडत नाहीत. सल्लागाराकडे अर्ज भरायला जायचेच असेल, तर टोकन माझ्या खिशातून जाते, समोरचा मजकूर मी वाचतो, सही मी करतो आणि टोकन खिशातूनच परत येते. सल्लागाराला त्यात अपमान वाटला, तर दुसरा सल्लागार मिळतो.

जुने टोकन सल्लागाराने तक्रारीनंतर कुरिअरने परत पाठवले, सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. पट्टीवर माझे नाव आणि खाली एक ते आठ आकडे ओळीने लिहिलेले होते. वकीलबाईंनी ते संगणकाला लावू दिले नाही, पट्टीचा फोटो काढला आणि पंचांसमोर पाकिटात घालून ते मोहोरबंद केले.