दुखणं खांद्याचं, सुई हाताला

सोलमधल्या जेगी-दोंगच्या औषधी बाजारामागे एक लहानसं हानुइवॉन आहे, म्हणजे कोरियन पारंपरिक वैद्यकाचा दवाखाना. उजवा खांदा वर जाईना म्हणून गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी बघितली आणि पहिली सुई टोचली ती अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. मी म्हटलं, दुखतोय तो खांदा! त्यांनी माझ्याच हातावर बोट फिरवून दाखवलं: मोठ्या आतड्याचा मार्ग तर्जनीच्या टोकापासून निघतो, दंडावरून खांद्यावर चढतो आणि नाकाशी संपतो. या मार्गांना 'ग्योंगनाक' म्हणतात आणि त्यांतून वाहणाऱ्या ऊर्जेला 'गी'. मुख्य मार्ग 12. फुप्फुसापासून सुरुवात, यकृतापाशी शेवट, की पुन्हा फुप्फुस. प्रत्येकाकडे दिवसातले 2 तास. फुप्फुसाची वेळ पहाटे 3 ते 5. आपल्या ब्राह्ममुहूर्ताची आठवण झाली मला.

शवविच्छेदनात हे मार्ग सापडत नाहीत, हेही खरं. पण इतक्या आपुलकीने माझं शरीर मला कुणी समजावलं नव्हतं.

सुया केसासारख्या, एकदाच वापरायच्या. टोचताना कळत नाही, नंतर जडसर झिणझिण्या येतात. पडदे मात्र पातळ, शेजारच्या खाटेवरचं सगळं ऐकू येतं. इथल्या आरोग्य विम्यात सुया बसतात, काढ्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात, आधीच विचारा.

चार खेपांनंतर वेणी स्वतः घालते आहे.