स्मिथ अँड वेसन न्यू मॉडेल नंबर ३ टार्गेट: पैसे बंदुकीचे द्या, वायनन्सच्या नावाचे द्याल ते कागद बघूनच

सरळ सांगतो, जुनं टार्गेट रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनात असेल तर हे घ्या, यासारखं दुसरं मला तरी माहीत नाही. पण विकणारा "हे वॉल्टर वायनन्सचं आहे" (त्या काळचा गाजलेला नेमबाज, त्याच्याबद्दल पुढे लिहितो) म्हणून भाव वाढवत असेल तर लेखी पुरावा हातात आल्याशिवाय एक डॉलरही वर देऊ नका.

आमच्या रेंजवरच्या एका जुन्या कलेक्टरकाकांनी त्यांच्याकडचा पीस मला निवांत हाताळायला दिला आणि स्वतः भरलेली काडतुसं चालवायलाही दिली, त्यामुळे हा रिव्ह्यू नुसते फोटो बघून लिहिलेला नाही. न्यू मॉडेल नंबर ३ आलं १८७८ ला, टार्गेटवालं १८८७ पासून, साडेसहा इंची बॅरल, कॅलिबर दोनच, .३२-४४ आणि .३८-४४, आणि एकूण बनली साधारण ४,३०० च्या आसपास, म्हणजे सहज मिळणारी चीज नाही.

आता खरी गंमत काडतुसात आहे. आपल्याला गोळी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, तोंडातून बाहेर आलेली बघायची सवय असते ना, इथे ती पूर्ण आत बसवलेली असते, वरून बघितलं तर केसच्या काठाला लेव्हल. केस एवढी लांब की सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) जवळजवळ पूर्ण भरतं, म्हणून गोळीला रिकाम्या जागेतून उडी मारायला लागत नाही, ती थेट बॅरलच्या खाचांत शिरते, आणि दारू हलकी असल्यामुळे झटका इतका कमी की नेम धरलेला हात जागेवरच राहतो. वर अंगठ्याने लॅच, म्हणजे बॅरलची खिट्टी, उचलायचा, बॅरल खाली झुकवायचं, की मधली चांदणी (केस बाहेर ढकलणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग) वर येते आणि सहाच्या सहा रिकाम्या केस एकदम बाहेर, मग चांदणी खटकन आपल्या जागी. सव्वाशे वर्षांच्या वर वय झालेल्या यंत्राचं हे काम बघताना मला खरंच भरून आलं.

सिंगल ॲक्शन आहे, प्रत्येक वेळी हॅमर स्वतः मागे ओढायचा. पण ट्रिगर असा की कुठेही अडत नाही, काचेची काडी मोडावी तसा स्वच्छ सुटतो. मागची साइट ॲडजस्ट होते आणि मुठीचा आकार असा की एका हाताने, हात सरळ लांब करून नेम धरला तरी बंदूक सरकत नाही. त्या काळी रिव्हॉल्व्हरची मॅच एकाच हाताने मारायची हे लक्षात घ्या.

वायनन्स हा माणूस कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो कारण माझ्या मते तो या सगळ्या हॉबीतला सगळ्यात भन्नाट माणूस आहे. घराणं अमेरिकन, जन्म १८५२ चा सेंट पीटर्सबर्गमधला कारण घरच्यांनी रशियाच्या रेल्वेचे डबे-इंजिनं बनवायचं काम घेतलेलं, आणि स्वतः राहिला इंग्लंडमध्ये. तिथल्या विंबल्डन आणि नंतर बिस्लीच्या शूटिंग रेंजवर त्याने रिव्हॉल्व्हर शूटिंग गाजवलं, स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हर्स त्याची आवडती, १९०१ ला या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये पळत्या हरणाच्या टार्गेटवर गोल्ड, आणि १९१२ ला स्टॉकहोमला चक्क शिल्पकलेचं गोल्ड, घोड्याच्या ब्राँझ पुतळ्यासाठी! गेला तोही १९२० ला घोड्यांच्या ट्रॉटिंग शर्यतीत भाग घेताना. एवढं ऐकल्यावर कोणालाही वाटणार की त्याची बंदूक आपल्याकडे हवी, आणि विकणाऱ्याला नेमकं हेच माहीत असतं. एका डीलरने मला तर "याच रिव्हॉल्व्हरने ऑलिंपिक जिंकलं" असं ठोकून दिलं, अरे बाबा ते गोल्ड रायफलचं होतं.

म्हणून स्मिथ अँड वेसनच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून फॅक्टरी लेटर मागवाच, सिरियल नंबर दिला की बंदूक कधी आणि कोणाकडे पाठवली, फिनिश काय होतं, बॅरल किती, हे रेकॉर्डमधून कळतं. फक्त बऱ्याच लेटरमध्ये न्यूयॉर्कच्या एम. डब्ल्यू. रॉबिन्सनचं नाव येतं, तो डीलर होता, त्याच्याकडून पुढे कोणाच्या घरी गेली ते लेटर सांगत नाही. तिथे जुनी पत्रं, पावत्या, बंदुकीच्या पेटीवरचं नाव असलं काही लागतं.

तोटे? काडतूस दुकानात मिळत नाही, स्वतः भरायला लागतं, ज्यांना हे झेपत नाही त्यांनी फक्त शोकेससाठी घ्यावं. या मॉडेलच्या फ्रेम (बंदुकीचा मुख्य सांगाडा) १८९९ च्या आधीच्या, त्यामुळे अमेरिकेच्या फेडरल कायद्यात हे अँटिक धरतात, पण तुमच्या राज्याचे नियम वेगळे बघा.

घेताना लॅच बंद करून बॅरल हळूच वर-खाली हलवून बघा, खुळखुळ जाणवली तर सोडून द्या. आणि निकेलचा मुलामा असलेल्या पीसवर हॅमरसुद्धा निकेलने चमकत असेल तर ते निकेल मागाहून चढवलंय, कारण फॅक्टरीतून हॅमर केस-हार्डन रंगाचा, म्हणजे पोलाद कडक करताना येणाऱ्या ठिपकेदार छटांचा, यायचा. अशा पीसला ओरिजिनलचा भाव अजिबात देऊ नका.