कासव पाळायचंय: जमिनीवरचं की पाण्यातलं?

कासव घ्यायचं मनात आलं की बहुतेकांची नजर आधी पाण्यातल्या पिल्लावर जाते. डोळ्यांमागे लाल पट्टा, हिरवीगार पाठ, तळहातावर आरामात मावेल एवढं. हा रेड-इअर्ड स्लायडर. काचेच्या छोट्या भांड्यात तो गोड दिसतो, म्हणून सोपाही वाटतो. जमिनीवरच्या कासवाचं मात्र लोकांना उगाच दडपण येतं. माझ्या मते रोजच्या कामाचा हिशेब मांडला तर पाण्यातलंच जास्त जड जातं.

कारण साधं आहे: स्लायडर खातो त्याच पाण्यात, आणि घाण करतो तीही त्यातच. त्याची जीभ घास गिळायला पुरेशी हलत नाही, त्यामुळे पाण्याबाहेर त्याला नीट खाताच येत नाही. मादी वाढून २५ सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकते. २० सेंटीमीटरच्या कासवालाही साधारण ३०० लिटरचा टँक धरावा लागतो, आणि ३०० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ३०० किलो. ते पेलणारा स्टँड हवा. माशांच्या टँकचा फिल्टर इथे पुरत नाही. टँकच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यावा. तरीही दर आठवड्याला काही पाणी बदलायचंच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणूच क्लोरीनने मरतात. शिवाय पूर्ण कोरडं होता येईल असा उंचवटा लागतो, त्यावर उष्णतेचा दिवा. तिथे मागचे पाय ताणून, बोटं फाकवून पडलेलं कासव बघायला मजा येते खरी. सतत ओलं राहिलं तर मात्र कवच कुजायला लागतं.

जमिनीवरच्या कासवाला फिल्टर नको, जागा हवी. हर्मन किंवा हॉर्सफिल्ड या जाती साधारण १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत वाढतात, आणि त्यांना निदान आठ फूट बाय चार फूट मोकळी जमीन द्यावी. काचेची पेटी टाळा. काच त्यांना समजत नाही. तासन्तास एकाच कडेला नाक घासत, नखांनी खरवडत बसतात. अपारदर्शक भिंतींचं, वरून उघडं लाकडी खोकं चांगलं. ‘घरभर फिरेल की’ हा विचारही सोडून द्या. गार, गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि दिसेल तो केस, दोरा पोटात जातो. सुलकाटा या जमिनीवरच्या मोठ्या आफ्रिकन जातीचं पिल्लू कितीही गोंडस असलं तरी फ्लॅटमध्ये आणू नका, मोठं झालं की ते ४० किलोंच्या वर जाऊ शकतं.

जमिनीवरच्याचं खरं काम खाण्यात आहे. रोज तंतुमय हिरवा पाला: गवत, डँडेलियन, जास्वंदीची पानं-फुलं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवतं. हर्मन-हॉर्सफिल्डला फळं टाळलेलीच बरी. हनुवटीपर्यंतच्या कोमट पाण्यात अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं बसवायचं, म्हणजे ते पाणी पितं आणि तिथेच पोट साफ करतं. स्लायडरचं खाणं तुलनेने सोपं: लहानपणी मांसाहार जास्त, मोठेपणी पाणवनस्पती आणि पाला, जोडीला तयार गोळ्या.

एका बाबतीत दोघंही सारखे: यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग. तो नसेल तर डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. घरात यूव्हीबी देणारी ट्यूब लावावी लागते; ती पेटत असली तरी वर्षभरात तिचा प्रभाव ओसरतो, म्हणून वेळच्या वेळी बदलावी.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी दोन्ही नको म्हणेन. कासव ठणठणीत दिसत असलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. टँकचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये, हेही त्यातच आलं.

घेण्याआधी आपल्याकडचा कायदा बघा. तारा कासव २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद. स्लायडर २०१६ पासून युरोपीय संघाच्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, कारण कंटाळलेल्या मालकांनी ते तळ्यांत सोडले आणि तिथल्या कासवांची जागा बळकावली गेली.

इतकं वाचूनही स्लायडरच हवा असेल, तर पिल्लाऐवजी कुणाला नकोसा झालेला मोठा, कायदेशीर स्लायडर शोधा. त्याचा आकार आणि खाण्याच्या सवयी समोर दिसतात, आणि टँक एकदाच घ्यावा लागतो.